मातीखालचे नळ

फार पूर्वी, पाण्याचे नळसुद्धा कुंभार चाकावर घडवायचा त्या काळी, एका डोंगराच्या उतारावर लहानसं गाव होतं. वर डोंगरात बारमाही झरा होता आणि त्याचं पाणी भाजक्या मातीच्या नळांमधून गावात यायचं. पण नळ पडले पणजोबांच्या काळचे. ते जागोजागी फुटले, पाणी वाटेतच मुरायला लागलं, आणि गावातल्या बायकांच्या नशिबी खालच्या ओढ्याची चढण आली.

त्या गावात घोंगड्या विणणारा एक म्हातारा आणि त्याची म्हातारी राहत होती. दोघं दिवसभर भांडायची आणि एकमेकांवाचून घास गिळायची नाहीत. पण चढणीनं म्हातारीचे गुडघे धरले. शेवटी लेकीचा निरोप आला, "आई, दिवाळीनंतर तुला इकडं घेऊन येते. आमच्या दारातच विहीर आहे." म्हाताऱ्याला मात्र माग सोडून जाता येईना. त्याचं सगळं गिऱ्हाईक डोंगरातलं.

"मी गेले की सुटाल एकदाचे," म्हातारी म्हणायची.

"सुटेन तर! पण मग भांडू कुणाशी? मागाशी?" म्हातारा म्हणायचा आणि तोंड फिरवून विणत बसायचा.

एक दिवस पाटलांनी सगळ्यांना चावडीवर बोलावलं. "गावात पुन्हा पाणी आणायचंय. ज्याला जे जमेल ते त्यानं द्यावं."

गाव दिलदार होतं, हे मान्यच करायला हवं. वाणी लगेच उठला. "चौकातला हौद माझ्याकडून!" सोनार म्हणाला, "पाणी पडायला सिंहाचं पितळी तोंड मी देतो." पाटलांनी स्वतः कमान बोलून टाकली.  म्हाताऱ्यानं पाथरवटाला हळूच बाजूला घेतलं. "हौदाशेजारी बसायला एक दगड घडव. त्यावर आमच्या हिचं नाव कोर. जन्मभर पाणी वाहिलंय तिनं."

"आणि नळ कोण देतंय?" पाटलांनी विचारलं. त्याबरोबर सगळेजण आपापल्या वहाणा शोधू लागले. जे मातीखाली जाणार, त्यावर नाव कुठं घालायचं? शेवटी ठरलं, जुन्याच नळांची भोकं चुन्यानं बुजवू.

समारंभ झोकात झाला. कमानीला तोरणं लागली, ढोल वाजले, शेजारच्या गावचे पाहुणे आले. वर झऱ्यापाशी पाणी सोडलं आणि सगळे सिंहाकडं बघत उभे राहिले. बराच वेळ सिंह गप्प. मग त्याच्या तोंडातून एक पाल बाहेर आली, तिनं गर्दीकडं पाहिलं आणि परत आत गेली. पाहुणे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून त्या देखण्या हौदात शेळ्या झोपायला लागल्या.

म्हातारीनं घागर उचलली आणि ओढ्याची वाट धरली. येताना ती चढणीवर बसली ती उठेचना. म्हातारा धावत गेला, तिची घागर घेतली, तिला हाताला धरून वर आणलं. त्याच्या मनात आलं, कमानवाल्यांना काय नावं ठेवायची? आपणही दगडच दिला की!

तो तडक पाथरवटाकडं गेला. "दगड राहू दे."

"अहो आजोबा, पहिलं अक्षर कोरून झालंय!"

"तेवढ्यावरच थांब."

दगडासाठी साठवलेले पैसे आणि हिवाळ्यासाठी विणलेल्या सगळ्या घोंगड्या त्यानं कुंभारापुढं ठेवल्या. "याचे होतील तेवढे नळ भाज."

"नाव कुणाचं घालू?"

"पाण्याला वाचता येतं का? फक्त गळू देऊ नकोस म्हणजे झालं."

झऱ्यापासून नवे नळ बसत आले आणि अर्ध्या उतारावर, उंबराच्या झाडापाशी, संपले. तिथं पाणी भसाभसा बाहेर आलं. पोरं चिंब झाली. बायका घागरी घेऊन धावल्या. ओरडा ऐकून वाणी आला, सोनार आला, पाटीलही आले. वाण्यानं त्या धारेखाली हात धरला. इतकं गार पाणी त्यानं कित्येक वर्षांत प्यायलं नव्हतं. इथवर नळ कुणी आणले हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खाली त्यांची कमान कोरडी उभी होती.

वाणी खाली मान घालून म्हणाला, "उंबरापासून खडकापर्यंतचे नळ मी देतो."

"खडकापासून देवळापर्यंत मी," सोनार म्हणाला.

"आणि पुढचे सगळे मी," पाटील म्हणाले. "घरी बोलू नका, पण कमानीवरचे कळस विकतो."

दिवाळीच्या आत सिंहानं आधी चिखल थुंकला आणि मग स्वच्छ पाणी सोडलं. पहिली घागर गावानं म्हातारीला भरायला लावली. घागर भरून ती हौदाशेजारच्या दगडावर टेकली. पाथरवटानं तो दगड, मजुरी न घेता, तसाच अर्धवट आणून ठेवला होता. म्हातारीच्या बोटांना खाच लागली.

"अहो, हे काय खरडलंय इथं?"

"तुझ्या नावाचं पहिलं अक्षर," म्हातारा म्हणाला. "पुढचं सगळं नळात गेलं."

म्हातारी त्या अक्षरावरून नुसता हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरून आले. पण गप्प बसेल तर ती म्हातारी कसली!

"जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारलीत. मला वाटलं, नाव विसरलात माझं."

म्हातारा लाजला. मग भर चौकात, सगळ्या गावासमोर, त्यानं पहिल्यांदा तिला नावानं हाक मारली. म्हातारीनं पदरात तोंड लपवलं, आणि त्याच संध्याकाळी लेकीला निरोप धाडला: "मला न्यायला येऊ नकोस. तूच माहेरपणाला ये. येताना मळलेल्या गोधड्या घेऊन ये, इथं पाणी खूप आहे."

तात्पर्य एवढंच: कमानीला हात पुष्कळ लागतात. मातीखाली जाणाऱ्या नळाला जो हात लावतो, त्याच्यामुळं गावाची तहान भागते.