विमान लागेपर्यंत

अर्धंच सांगायचं, 'कळलं ना?' म्हणून फोन ठेवायचा आणि मग गावभर सांगत सुटायचं की माणूस खुळा आहे. असं करणाऱ्यांनी आधी हे ऐकावं.

एका गावात एक भोळा मामा होता. नाव केरबा. त्याची थोरली बहीण रत्नाक्का नवऱ्याच्या नोकरीपायी पोर्तुगालात, लिस्बनला राहायची. तिच्या बाळाला दुसऱ्या दिवशी वर्ष पुरं होणार होतं. जावळ काढायचं ते वर्षाच्या आत, आणि मामाच्याच मांडीवर. म्हणून केरबा निघाला आणि मजल दरमजल करत स्पेनमधल्या माद्रिदला उतरला.

आक्का फोनवर म्हणाली, "माद्रिद ते लिस्बन पाचशे किलोमीटर. दहाच्या विमानानं सव्वा तास लागतो. आधी घड्याळ साडेतीन तास मागे घे. कळलं ना?"

"कळलं."

केरबानं घड्याळाचा हात पाठीमागे घेतला आणि खांबाला टेकून साडेतीन तास उभा राहिला. नाकाला खाज सुटली, ती दुसऱ्या हातानं भागवली. दहाचं विमान गेलं.

"आक्का, विमान चुकलं."

"विमान नाही, तू चुकलास. मागे घे म्हणजे काटे मागे फिरव, शहाण्या. आता दोनचं विमान धर. दोनला सुटतं, सव्वादोनला पोचतं. लिस्बनचं घड्याळ तासभर मागे आहे ना."

केरबा पाणी प्यायला गेला आणि दहा मिनिटं उशिरा आला. दार बंद झालं होतं. तो घाबरला नाही. त्यानं काटे तासभर मागे फिरवले आणि दारावरच्या बाईंसमोर मनगट धरलं.

"बघा. अजून पन्नास मिनिटं आहेत."

बाईंनी घड्याळ बघितलं, केरबाला बघितलं. दार काही उघडलं नाही.

"अरे, उशीर झाला की काटे नाही फिरवायचे, पळायचं," आक्का कळवळून म्हणाली. "सासूबाई केव्हाच्या बाळाला घेऊन पाटावर बसल्यात. आता पाचचं शेवटचं विमान."

पाचचं विमान मिळालं. केरबा पट्टा बांधून बसला. तेवढ्यात वरून कुणीतरी काहीतरी बोललं. त्यातला 'लेट' एवढा शब्द त्याला समजला. त्यानं पट्टा सोडला आणि तो पळू लागला. पुढच्या दारापासून मागच्या संडासापर्यंत आणि परत. तिसऱ्या फेरीला दोन हवाईसुंदरींनी त्याला धरून बसवलं. फोन वाजला.

"केरबा, कुठं आहेस?"

"विमानात. पळत होतो. विमानाला उशीर झालाय."

"नीट ऐक. लिस्बनला विमान लागेपर्यंत जागचा हलू नकोस. लागलं की उठायचं. कळलं ना?"

"हे मात्र बरोबर कळलं, आक्का. मला लहानपणापासून एस.टी. लागते."

आक्कानं फोन आधीच ठेवला होता.

सव्वा तासात विमान लिस्बनला उतरून दाराला लागलं. सगळे गेले. केरबानं पोटावर हात ठेवून अंदाज घेतला. मळमळ नाही. गरगर नाही. लागलं नव्हतं. झाडणारे आले तेव्हा त्यानं पाय वर घेतले. नवे प्रवासी आले, तेव्हा सरकून जागा दिली. विमान परत उडालं. ढगांत दोन गचके बसले आणि मग लागलं, चांगलंच लागलं. केरबा कागदी पिशवी तोंडाशी धरून ताडकन उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"बाई, विमान लागलं. उतरवा मला."

उतरवलं ते माद्रिदला. तिथून त्यानं फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. आक्का पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागली. फोनवरचं सासूबाईंच्याही कानावर पडत होतं.

"राहू दे गं, सूनबाई," त्या म्हणाल्या. "बाळाला जरा चालायला लागू दे. तेच जाईल मामाला आणायला."