वाघ्या घेवड्याचं लाल पाणी

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा राज्यं होती, रानं दाट होती, आणि माणसं पैजेपायी जिवावर उदार होत. लहानांनी पुढे बसावं, मोठ्यांनी मागे. मध्ये कुणी बोलू नये.

एक गाव डोंगरावर होतं, दुसरं पायथ्याला. दोघांच्या मध्ये एक ओढा, आणि ओढ्याकाठी एकच कुरण. त्या कुरणावरून दरसाल डोकी फुटत. शेवटी राजाने नेम घालून दिला. उन्हाळ्यात दोन्ही गावांच्या गड्यांनी ओढ्याच्या दोन काठांवर उभं राहायचं आणि अंबाडीचा दोर ओढायचा. रोज एक ओढ, तीन दिवस. जो दोन ओढी जिंकेल, त्याचं कुरण.

त्या साली पावसाने दगा दिला होता. डोंगरावर गवताची काडी उरली नव्हती. गुरांच्या बरगड्या लांबून दिसत. ओढ हरली तर गुरं परमुलखात हाकलावी लागणार होती. तिकडे गेलेली गुरं परत येत नसत.

डोंगरावरच्या गड्यांचा म्होरक्या होता तुळाजी. अंगाने पहाड, बोलायला तिखट. गड्यांचं जेवण रांधायची त्याची थोरली भावजय, साळूबाई. तीही काही कमी नव्हती.

त्या गावात वाघ्या घेवडा पिके. दाण्यावर वाघासारखे पट्टे. हा घेवडा खाल्ला की अंगात वाघ येतो, अशी गावाची समजूत. म्हणून ओढीच्या दिवशी घेवड्याचंच जेवण. साळूबाईने तो आदल्या संध्याकाळी भिजत घातला होता. सकाळी पाणी लाल झालं. ती ते ओतायला निघाली, तोच तुळाजी आडवा आला.

"वैनी, काय करताय? सगळे पट्टे पाण्यात उतरलेत. वाघ त्या पाण्यात हाय, आन तुम्ही तो उकिरड्यावर ओतताय?"

"वाघ रानात असतो भावजी. ह्या पाण्यात नुसता वारा हाय. पोटात गेला की घुमतो. दरसाल ओतते मी."

"म्हणूनच दरसाल हरतो आपण."

गडी हसले. त्यांतला एक म्हणाला, "वाघाला वाऱ्याचं कसलं भ्या, वैनी?"

साळूबाईने टोप खाली ठेवला. "मग वाघांनीच रांधावं," ती म्हणाली आणि पदर खोचून निघून गेली.

तुळाजीने रांधलं. त्याच लाल पाण्यात घेवडा टाकला आणि चुलीत लाकडं कोंबली. फेस वर आला, तो काढला नाही. ओवा नाही, हिंग नाही. वाघाला मसाला कशाला? दाणा दाताखाली कडकड वाजत होता. तरी गडी भुकेले होते, घाईत होते. वाटीवर वाटी रिचवली आणि मिशा पुसत ओढ्यावर आले.

हलगी कडाडली. दोन्ही काठ माणसांनी भरले. गड्यांनी दोर धरला, टाचा रोवल्या, आणि मग पोटं बोलू लागली. आधी गुरगुर. मग कळा. श्वास भरून घ्यावा तर पोटात जागा नाही. वाकावं तर पोट आडवं येतं. तेवढ्यात शेवटच्या गड्याचा असा आवाज निघाला की हलगीवाल्याचा हात थबकला.

पायथ्याच्या गावाचा म्होरक्या भिवबा पलीकडून ओरडला, "आरं, आमची हलगी बंद करू काय? तुमची वाजतीयाच की."

दोन्ही काठ हसले. डोंगरावरच्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. दोर सुटला. वाघ चिखलात पडले.

पहिली ओढ गेली. आता एक हरली की गुरं गेली.

तुळाजीने चिखल धुतला आणि साळूबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. दोर ओढणं सोपं असतं. असं उभं राहणं अवघड.

"वैनी, चूल तुमची."

"आन पाणी?"

"मी ओततो."

साळूबाईने टोमणा मारला नाही. तिची म्हैसही उपाशीच होती. तिने सूप पुढे सरकवलं. "बसा मग. घेवडा निवडा."

रात्रभर दाणा भिजला, फुगला. सकाळी तुळाजीने लाल पाणी आपल्या हाताने ओतलं. पाणी निवळ दिसेपर्यंत घेवडा पुन्हा पुन्हा धुतला. साळूबाईने ताजं पाणी घातलं. खळखळून उकळी आली तसा तिने पळीने फेस काढून टाकला. आच मंद केली. हिंग घातला, ओवा घातला, आलं ठेचून घातलं. मग दाणा बोटांत दाबून पाहिला. लोण्यासारखा चिरडला, तेव्हाच टोप उतरला.

"बेताने खा," ती म्हणाली. "चावून खा. टोप काय पळून जात नाही."

दुसऱ्या ओढीला डोंगरवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला. दोर ताणला, थरथरला, सरकला. हातभर सरकला आणि मग सरकतच राहिला. भिवबाचे गडी कमरेपर्यंत ओढ्यात आले. डोंगराकडच्या काठावर फेटे उडाले. दोन्ही गावं बरोबरीला आली.

तिसऱ्या दिवसाची मात्र वेगळीच अडचण. नवा घेवडा संपला होता. कणगीच्या तळचा जुना काढावा लागला. तोही रात्रभर भिजला, पाणी ओतलं, पहाटेच चुलीवर चढला. पण जुना दाणा हट्टी. सूर्य वर आला, तरी तो शिजेना. ओढ्यावर हलगी सुरू झाली. गडी चुलीभोवती येरझारा घालू लागले.

"वैनी, उतरवा आता. दाताखाली फुटतोय, बास झालं," एकजण म्हणाला.

"वेळ निघून चालली. उपाशी ओढायचं काय?" दुसरा म्हणाला.

साळूबाईने पळीत एक दाणा घेतला आणि तुळाजीपुढे धरला.

तुळाजीने तो बोटांत दाबला. बाहेरून मऊ होता, आत कडक. बाहेर हलगी बोलावत होती. सगळे गडी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही," तो म्हणाला. "घोट घोट ताक घ्या, भाकरीचा तुकडा घ्या, आन चला. रिकामं पोट दम धरतं. फुगलेलं धरत नाही."

ती ओढ अजून डोंगरात सांगतात. दोर ना इकडे हलला, ना तिकडे. सावल्या आखडल्या. हातांची सालं निघाली. पोरं ओरडून ओरडून गप्प झाली. दोन्ही काठांवर नुसते श्वास ऐकू येत होते. तुळाजीने दम धरला, धरला, आणि पलीकडचा दम सुटल्याचं दोरातून हाताला कळताच म्हणाला, "आता." सगळे एका झटक्यात मागे झुकले. भिवबा पाण्यात गुडघ्यांवर आला.

डोंगर दणाणला. म्हाताऱ्यांनी काठ्या नाचवल्या. गुरं सोडली, ती सरळ कुरणात धावली.

भिवबा निथळत वर आला. "काय खाऊन आला होतास रं आज?"

"अजून काय नाही. टोप चुलीवर हाय. आता शिजला असंल. चल जेवायला."

दोन्ही गावं एका पंगतीला बसली. घेवडा लोण्यासारखा झाला होता. त्या साली डोंगरावरचं एकही जनावर परमुलखात गेलं नाही.

बोध एवढाच: आधी ताठा ओतून टाकावा, मग धीराने शिजवावं, तेच अन्न अंगी लागतं.