सर्वमान्य पाणी

सोनसळ गडावर सगळं होतं, फक्त पाणी नव्हतं. आणि गडाचे राजे मकरंदराव यांच्याकडे सगळं होतं, फक्त एक हट्ट जास्तीचा होता. जे सगळ्यांना पटतं तेच खरं ज्ञान, असं त्यांचं ठाम मत! औषध कडू असावं की गोड, ग्रहण लागेल की टळेल, सगळं दरबारात हात वर करून ठरायचं. ग्रहण मात्र हात न मोजताच लागायचं.

एके दिवशी राजांनी विचारलं, "राज्यात जमिनीखालचं पाणी दाखवणारा सगळ्यात जाणता पाणाड्या कोण?"

झाडून सगळे हात वर झाले. "नदघाटचा गोंदाजी!"

गोंदाजीला बोलावणं गेलं तसा तो मागच्या दारानं सटकायला बघू लागला. कारण खरी गोष्ट त्याला ठाऊक होती. नदघाट वसलेलं नदीच्या ऐन वळणात. तिथं शेळीनं खूर आपटला तरी खाली ओल लागायची. गोंदाजी तळहातावर नारळ ठेवून चार पावलं चालायचा, मनगटाला हळूच झटका द्यायचा, नारळ उभा राहायचा आणि लोक पाया पडायचे. पहिल्या वर्षी त्याला हसू यायचं. पुढं पुढं तो लोकांना पाया पडू द्यायला लागला. आणि अलीकडं तर कुणी पडलं नाही की त्याला रागच यायचा! मिशीलाही पीळ देऊ लागला होता बिचारा.

एक त्याची बायको तान्हूबाई तेवढी बधली नव्हती. "नारळ उभा धरा न्हाईतर आडवा," ती म्हणायची, "नदी काय जागची हलतीया व्हय?"

दरबारात राजे म्हणाले, "गोंदाजी, अमावास्येच्या आत गडावर पाणी दाखव. दाखवलंस तर मागशील ते मिळेल. नाहीतर ज्ञान असून राजापासून चोरलंस म्हणून कडेलोट!"

गोंदाजीनं लोटांगणच घातलं. "मायबाप, मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई! म्या निस्ता नारळ नाचवतो!"

"वा! काय हा विनय!" दरबारी भारावून म्हणाले.

"विनय न्हाई सरकार, खरंच अडाणी हाय म्या!"

राजांनी हात वर करायला सांगितले. गोंदाजी मोठा जाणता आहे, याला सगळ्या दरबाराचे हात. तो अडाणी आहे, याला एकट्या गोंदाजीचा.

"हरलास!" राजे म्हणाले. आपल्याच अडाणीपणावर आपलंच कुणी ऐकेना, ही पाळी गोंदाजीवर पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी गडावर सगळं गाव लोटलं. गोंदाजी नारळ घेऊन कातळावरून हिंडू लागला. हिंडता हिंडता कडा आला, त्यानं खाली दरीत पाहिलं आणि त्याचा हात असा लटपटला की नारळ आपोआप ताठ उभा!

"लागलं पाणी!" लोक ओरडले. पाथरवटांनी तिथंच घण घातले.

घण पडत राहिले, खड्डा खोल गेला, पाण्याचा टिपूस नाही. अमावास्येच्या सकाळी तान्हूबाई भाकरी घेऊन गड चढून आली. गोंदाजीनं एक घास मोडला.

"समद्यास्नी पानी दिसतंय, मलाच तेवढं दिसत न्हाई," तो रडवेला होऊन म्हणाला.

"मंग त्यास्नी दिसतंय त्येच पाजा की!" तान्हूबाई फणकारली.

गोंदाजीनं घास हातात धरूनच खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग एकदम भाकरी भराभरा खायला लागला.

भर दुपारी राजे पायथ्याच्या वाड्यातून पायी गड चढून आले. घामाघूम, घशाला कोरड. मागे अख्खा दरबार.

"पाणी कुठाय?"

"हाय की सरकार! पर आधी हात मोजावं. नारळ उभा ऱ्हायला तितं पानी हाय, आसं कुनाकुनाला वाटतं?"

सवयच ती! राजांच्या मागे सगळे हात वर झाले. खड्ड्यात कुणी डोकावलंही नाही.

"ठरलं तर!" गोंदाजीनं दोराला बांधलेला तांब्या खड्ड्यात सोडला, खडखड वाजवत वर ओढला आणि राजांच्या ओंजळीवर ऐटीत ओतला. थेंबही पडला नाही.

"हे काय आहे?" राजे गरजले.

"सर्वमान्य पानी, महाराज! आजून वाढू?"

"मूर्खा, माझी जीभसुद्धा ओली झाली नाही!"

"मंग तिचाबी कडेलोट करा, सरकार! समद्या राज्यात तिचंच एकटीचं म्हणणं येगळं हाय!"

वर गेलेले हात वरच राहिले. खाली घ्यावेत तर राजा रागावेल, ठेवावेत तर दंड दुखतात! राजे एकदा त्या हातांकडे बघत होते, एकदा रिकाम्या ओंजळीकडे.

तेवढ्यात गोंदाजीनं कानाशी नारळ हलवला, कातळावर आपटला आणि राजांच्या ओंजळीत पाण्याची धार धरली. राजांनी घटाघटा पाणी पिऊन मिशा पुसल्या.

"आता हे कसं सापडलं?"

"नारळात पानी आसतं, एवढंच म्या जानतो, महाराज. त्याला कुनाचा हात वर करावा लागला न्हाई. पर माझं शानपण बगा! हातात पानी घिऊन जन्मभर पानी हुडकत फिरलो, आन् वर मिशीला पीळ!"

राजे असे हसले की त्यांना खड्ड्याच्या काठावर बसावं लागलं. "आणि या खड्ड्याचं काय करू रे?"

"ज्या कातळातनं पानी वर येत न्हाई, त्यातनं खालीबी जात न्हाई. पावसाचं साठवा, सरकार, टाकंच हुईल. आन् आजचं शानपण माझं न्हाई, घरचं हाय," असं म्हणून त्यानं तान्हूबाईकडे बोट दाखवलं.

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तान्हूबाईला दिलं आणि गोंदाजीला टाक्याची राखण, वर्षाचं धान्य आणि एक नारळाचं झाड दिलं.

"योग्य! योग्य!" दरबार्‍यांनी पुन्हा सगळे हात वर केले.

"हात खाली!" राजे हसत ओरडले. "आधी खड्ड्यात डोकावून या, मग बोला!"