अवसेचा दिवा

“पण आक्का, माझ्या दिव्यात कमी काय आहे, तेवढं एकदा सांगून टाका ना!”

भार्गवनं हे सगळ्यांदेखत विचारलं. आवाज चढलेला होता. आक्कांपुढं असा आवाज त्या मठात आजवर कुणी काढला नव्हता.

दिवस दिव्याच्या अवसेचा. कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठाचा रिवाज असा, की प्रत्येक शिष्यानं आपापल्या घरी, आपल्या हातानं कणकेचा दिवा करायचा. उकडायचा. संध्याकाळी मठात आणून तुपात वात लावायची. आणि दिवा शांत झाला, की ज्यानं केला त्यानंच तो खाऊन टाकायचा. मागं काही उरू द्यायचं नाही.

आक्का त्या मठाच्या गुरू. ऐंशी उलटलेल्या. बोलणं मोजकं, आणि जे बोलत ते रोखठोक.

भार्गव बारा वर्षांपासून त्यांचा शिष्य. हुशार. अक्षर मोत्यासारखं. मठातल्या जुन्या पोथ्यांची बांधणी तोच करायचा. बोरगावच्या मठाला गुरू हवा होता, आणि तिथले बाबगोंडा पाटील तिघाचौघांना घेऊन त्याला न्यायला आले होते. अडलं होतं एकाच गोष्टीवर. आक्कांनी ‘जा’ म्हणायला हवं होतं, आणि आक्का सकाळपासून नुसतं “बघू” म्हणत होत्या. आता त्याचा दिवा बघूनही त्या तेच म्हणाल्या होत्या.

आता खरं सांगायचं, तर दिवा देखणाच होता. उगाच नावं कशाला ठेवा? बाकीच्यांचे दिवे म्हणजे कुणाचा कललेला, कुणाचा तडकलेला. भार्गवचा मात्र आठ पाकळ्यांचं कमळ. कडा नखाएवढ्या पातळ. रंग हिरवा, केळीच्या कोवळ्या पानासारखा. बोरगावकर तर त्याच्यावरची नजर काढेनात.

“कमी काय न्हाई,” शेवटी आक्का म्हणाल्या. “हिरवा कशानं झालाय?”

...

“पालकाचा रस घातलाय.”

साफ खोटं! कणकेत त्यानं मोरचूद घातला होता. पोथ्या चिकटवायच्या खळीत घालतात तोच, निळा, विषारी. त्यानं खळीला बुरशी धरत नाही, कीड लागत नाही. भार्गवला तो दिवा खायचाच नव्हता. बोरगावच्या मठात कोनाड्यात ठेवायचा होता, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वर्षानुवर्षं बघावा म्हणून. वर थोडी हळद टाकली, निळ्याचा हिरवा झाला. कुणाला कळणार होतं?

ज्योत बारीक झाली. एकदा थरथरली. शांत झाली.

शिष्य आपापले दिवे मोडून खाऊ लागले. आक्कांनी हात पुढं केला.

“भार्गव, आण इकडं.”

“काय, आक्का?”

“दिवा. मी खाते.”

भार्गवनं दिव्याची ताटली आपल्याकडं ओढली.

“तुम्ही... तुम्ही तर कुणाचाच खात नाही.”

“आज खाते.”

“ज्यानं केला त्यानंच खायचा ना? नियम तुमचाच आहे.”

“माझा हाय, तर मोडीन की मी!”

सगळे हसले. बाबगोंडाही हसले. “द्या की, महाराज,” ते म्हणाले. “आक्का एवढ्या मायेनं मागत्यात.”

महाराज! अजून आक्कांचा होकार नाही, तोवर हे महाराज म्हणून मोकळे. पण त्या एका शब्दासाठी भार्गवनं बारा वर्षं काढली होती.

“आक्का, तुम्हाला साखर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय...”

“गूळ घातलाईस?”

“नाही.”

“मग?”

...

बोलावं, तर पाटलांसमोर. गुरूशी खोटं बोलला, खायच्या दिव्यात विष कालवलं. बोरगाव तिथंच हातचं गेलं. आणि न बोलावं, तर...

एवढीशी तर पाकळी. कडू लागली, की म्हातारी थुंकेल. थुंकेलच.

हो, आलं हे त्याच्या मनात! लाज वाटते सांगायला, पण आलं.

आक्कांनी ताटली स्वतःच ओढून घेतली. पाकळी मोडली. तोंडाशी नेली. दात नसलेलं तोंड उघडलं...

भार्गवनं झेप घेतली आणि त्यांच्या हातावर फाडकन फटका मारला.

पाकळी उडाली. ताटली उलटली. कमळाचे तुकडे तुकडे झाले.

“अरे मेल्या! गुरूवर हात टाकतोस?”

दोघं-तिघं त्याच्या अंगावर धावले. कुणी दंड धरला, कुणी मानगूट. बाबगोंडा ताडकन उभे राहिले.

“मोरचूद आहे त्यात!” भार्गव ओरडला. “विष आहे, विष! पालक-बिलक काही नाही. खोटं बोललो मी!”

धरलेले हात सुटले.

बाबगोंडांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि दुसरीकडं बघितलं.

आक्का आपली बोटं निरखत होत्या. टोकांना हिरवं लागलं होतं.

“एवढा नक्षीचा दिवा मोडला की रं.”

“खड्ड्यात गेला दिवा! आधी हात धुवा. धुवा म्हणतो ना!”

तो आक्कांवर खेकसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धावत जाऊन त्यानं तांब्या आणला. त्यांचा हात आपल्या हातात घेतला. एकेक बोट चोळून धुतलं, नखांतलं सुद्धा काढलं. पुन्हा पाणी ओतलं. आक्कांनी मुकाट्यानं धुऊन घेतलं.

मग तो तिथंच ओल्या फरशीवर बसला.

“बोरगावला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, आक्का. माझी लायकी नाही.”

...

आक्कांनी पदराला हात पुसले.

“ऊठ. कणीक मळाय घे. भूक लागलीय मला.”

भार्गवनं डोळे पुसले. मग उठला आणि आत चुलीपाशी गेला.

बाबगोंडा घुटमळले. सोबतच्यांनी चपला पायात घातल्याच होत्या.

“मग आक्का... आमी आता काय करावं?”

“बसा पानावर. त्यो करंल ते खावा. खाववलं, तर घेऊन जावा त्याला.”