अर्पिताला बोलणी बसली तो रविवार

एका तालुक्याच्या गावी, चर्चच्या मागल्या खोलीत, दर रविवारी मुलांचा वर्ग भरत असे. चाळीस वर्षे तो एक वृद्ध शिक्षिका चालवीत होत्या. सारे त्यांना थोरल्या बाई म्हणत. त्यांच्या हाताखाली सलोमी नावाची तरुणी शिकवायला शिकत होती.

एकदा त्या वर्गात एक नवी मुलगी आली. अर्पिता, वय सात. जन्मापासून हातापायांवर तिचा पुरता ताबा नव्हता. वॉकर धरून ती सावकाश चाले, आणि एकेक शब्द उच्चारायला तिला वेळ लागे. याआधी दोन ठिकाणांहून तिला गोड बोलून परत पाठवले होते. म्हणून तिची आई वर्ग सुटेपर्यंत दारातच उभी राही.

सलोमीचे मन हळवे. तिने अर्पिताला स्वतःशेजारी खुर्ची दिली. बायबलमधले वचन म्हणण्याची अर्पिताची पाळी आली की सलोमीच ते म्हणून टाकी आणि मुलांना टाळ्या वाजवायला सांगे. मुलेही शहाण्यासारखी वागत. तिला लिमलेटच्या गोळ्या देत. खेळायला मात्र कुणी बोलावत नसे.

पाचव्या रविवारी अर्पिता हट्टाने खुर्चीवरून उतरली आणि सतरंजीवर, शेरॉन नावाच्या खोडकर मुलीशेजारी जाऊन बसली. प्रार्थना सुरू झाली, साऱ्यांनी डोळे मिटले, आणि पुढे बसलेला योना एकदम किंचाळून उठला. त्याच्या सदऱ्यात कुणीतरी चिंचोके सोडले होते. मागे या दोघी तोंड दाबून हसत होत्या.

"कुणी केलं हे?" थोरल्या बाईंनी विचारले.

"चिंचोके मी आणले," शेरॉन पुटपुटली.

अर्पिताचे ओठ बराच वेळ हलत राहिले. बाई थांबल्या. अखेर शब्द आले, "मी... टा... टाकले."

"प्रार्थना चालू असताना? शोभतं का हे?" बाईंचा आवाज कडक होता. "आधी दोघींनी योनाची माफी मागा. आणि वर्ग सुटला की सगळ्या सतरंज्यांच्या घड्या तुम्हीच घालायच्या."

 सलोमीने दाराकडे पाहिले, तर अर्पिताची आई डोळ्यांना पदर लावून उभी. संपले, सलोमीला वाटले. आता ही लेक काही पुन्हा यायची नाही.

वर्ग सुटला. सतरंजीचे एक टोक शेरॉनने धरले, दुसरे अर्पिताने, खाली बसून. घडी वाकडी होई, पुन्हा उलगडावी लागे. सलोमी मदतीला धावली, तशी बाईंनी तिला अडवले. "राहू दे. खोडी त्यांची, काम त्यांचं."

"बाई, त्या लेकराला का हो बोललात?" सलोमीने विचारले.

"पाहुण्यांच्या मुलानं तुझ्या घरी कपबशी फोडली, तर काय म्हणशील?"

"असू दे, म्हणेन."

"आणि तुझ्या धाकट्या भावानं फोडली तर?"

"त्याला रागावेन."

"पाच रविवार आपण या मुलीला पाहुणी करून ठेवलं," बाई म्हणाल्या. "पाहुण्याला मान मिळतो गं, पण त्याला केव्हातरी उठून जावंच लागतं. आज तिनं खोडी काढली, वर धीरानं कबूलही केली. शेरॉनला रागावून तिला सोडलं असतं, तर तू आमच्यातली नाहीस, असंच मी तिला सांगितलं असतं."

एवढ्यात अर्पिताची आई आत आली. सलोमी क्षमा मागायला पुढे झाली, पण आईनेच तिचा हात धरला. "ताई, मी वाईट वाटून नाही रडले. आजवर सगळ्यांनी हिचं कौतुक केलं, आणि कौतुक करत करतच घरी पाठवलं. हिची तक्रार कानावर आली ती आज पहिल्यांदा."

तेवढ्यात अंगणातून योना ओरडला, "ए, आटपा की दोघी! लपाछपी मांडलीय. आणि चिंचोके टाकलेस ना, अर्पिता? आता राज्य तुझ्यावर!"

तिला कसं जमेल, असे सलोमीच्या अगदी ओठांवर आले होते. तिने ते गिळले, कोपऱ्यातला वॉकर उचलला, अर्पिताच्या हाताशी ठेवला आणि स्वतः वाटेतून बाजूला झाली.