देव्हाऱ्यातल्या कार्डाची कहाणी

ऐक बाई सटवाई, तुझी कहाणी. हातात अक्षता घ्या गं. आणि मागच्यांनो, कुजबुज पुरे. सुनांनीही ऐका, सासवांनी तर कान देऊन ऐका.

ओढ्याकाठी साठ उंबऱ्यांचं गाव होतं. तिथं सोनाई नावाची म्हातारी होती. तिला हौसा नावाची सून होती. हौसाला सात वर्षं मूल नव्हतं. गावानं नावं ठेवली, माहेरानं उसासे टाकले, तिनं उपास काढले. मग आठव्या वर्षी कूस उजवली, लेक झाला. नाव ठेवलं गेनू. पोर असं रडायचं, की ओढ्यापल्याड ऐकू जायचं. सोनाई म्हणायची, "रडू दे गं. सात वर्षं हे घर मुकं होतं."

मग गेनू दीड महिन्याचा झाला. बुधवारी अंगणवाडीत नर्सबाई आली. हौसा पोराला घेऊन गेली. नर्सबाईनं मांडीला सुई टोचली, कार्डावर तारीख घातली, म्हणाली, "घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, एवढ्या वैऱ्यांपासून ही राखण आहे, बाई. पण एका सुईनं भागत नाही. महिन्या-महिन्यानं असे तीन बुधवार करायचे, मग मोठेपणीच्या सुया सांगीन. उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही. आणि हे कार्ड जिवापाड जप."

घरी पोराला ताप आला. दुसऱ्या दिवशी उतरला. सोनाई म्हणाली, "कार्डात सत्त्व आहे गं बाई!" मग तिनं कार्ड तांबड्या फडक्यात गुंडाळलं, देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. दर शुक्रवारी फूल घाली, दिवा लावी.

बायांनो, चुकलं ते इथं. सोनाई काही वाईट नव्हती. नातवावर जीव ओवाळून टाकायची. कार्ड जप म्हटलं, तिनं जपलं.

मग दुसरा बुधवार आला. हौसा म्हणाली, "आत्याबाई, कार्ड द्या, सुईला जायचंय." सोनाई म्हणाली, "अगं, देवाला वाहिलेलं परत उचलतात होय? पाप लागेल." हौसा गप्प बसली.

मग महिन्यानं तिसरा बुधवार आला. वेगळं राहणाऱ्या थोरल्या जावेला मुलगी झाली होती, घराला सोयर होतं. हौसा म्हणाली, "आत्याबाई, कार्ड द्या." सोनाई म्हणाली, "सोयरात देव्हाऱ्याला हात लावतात का? दहा दिवस दम धर." हौसा गप्प बसली.

मग पुढल्या बुधवारी नर्सबाईच दारी आली. "अहो आजी, पोर कुठंय? दोन सुया चुकल्या."

सोनाई मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "काळजी नको. कार्ड जपलंय. सोयर सोडलं, तर शुक्रवारचा दिवा चुकत नाही."

नर्सबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, राखण कार्डात नाही, सुईत आहे! उशीर झाला तरी चालतंय. कार्ड राहू द्या देवापाशी, पोर तेवढं द्या."

"छे गं बाई, जे करायचं ते रीतसर. सोयर फिटलं की पुढल्या बुधवारी कार्डासकट आणते."

हौसा दाराआड बसली होती. तिला कावळा शिवला होता, देव्हाऱ्याकडे जायची सोय नव्हती. पण पोर तर तिच्याच मांडीवर होतं. उंबरा ओलांडायचा, एवढंच होतं. हौसा जागची उठली नाही. नर्सबाईनं घटकाभर वाट पाहिली आणि ती गेली.

मग पुढला बुधवार, मग त्याच्या पुढला. गेनू रांगला, उभा राहिला, आई म्हणाला. दृष्ट लागावी असं पोर. सुईची आठवण कुणाला राहते?

मग शेजारच्या वस्तीवर घटसर्प आला. तिथून या गावात आला. पहिल्या दिवशी गेनूला ताप भरला. दुसऱ्या दिवशी दूध गिळेना. तिसऱ्या दिवशी मान सुजली, घशात करडा पडदा धरला. पोर रडायला तोंड उघडी, पण आवाज फुटेना. हौसानं त्याच्या ओठांशी कान नेला, तरी तिला त्याचं रडणं ऐकू येईना.

मग जीप केली, तालुक्याला नेलं. डॉक्टरनं विचारलं, "सुया झाल्यात का?" सोनाईनं ओच्यातून तांबडं फडकं काढलं. पापाला न भिता तिनं त्या दिवशी कार्ड उचललं होतं. डॉक्टरनं हळदीचा थर बोटानं पुसला. एका खणात तारीख होती, पुढचे सगळे खण कोरे. तो म्हणाला, "औषध देतो, पण फार उशीर केलात, आजी."

चौथ्या दिवशी गेनू गेला. ओढ्यापल्याड बाभळीखाली त्याला पुरलं.

थांबा गं, अक्षता टाकू नका. तुम्हाला वाटतंय, आता देवी म्हातारीच्या रूपानं येईल, तीर्थ शिंपडील, पोर उठून बसेल. बाकीच्या कहाण्यांत बसतं. या कहाणीत बसलं नाही.

मग दोन वर्षांनी हौसाला मुलगी झाली. तिचं कार्ड दाराशी खिळ्याला टांगलं, येता-जाता दिसावं म्हणून. पहिला बुधवार केला. दुसऱ्या बुधवारी भावकीत सुतक होतं, तरी केला. तिसऱ्या बुधवारी हौसाला कावळा शिवला. तिनं कुणाला विचारलं नाही. पोर काखेला मारली, उंबरा ओलांडला. मागं बघते तो सोनाई चपला शोधत होती. "थांब गं पोरी, मी येते. कार्ड मी धरते."

सुई टोचली. पोरीनं गळा काढला, अंगणवाडी डोक्यावर घेतली. नर्सबाई म्हणाली, "उगी उगी." सोनाईचे डोळे वाहू लागले. ती म्हणाली, "नको बाई, उगी करू नका. रडू दे तिला. ओढ्यापल्याड ऐकू जाऊ दे."

सटवाई माते, हौसाची लेक जशी मोकळ्या गळ्यानं रडली, तशी तुमची-आमची, आल्या-गेल्याची, सगळ्यांची लेकरं रडोत. हौसा गप्प बसली, तसं कुणी गप्प न बसो. ही तीन बुधवारांची कहाणी, एका लेकरावाचून, सुफळ संपूर्ण. टाका आता अक्षता.