मोडलेली भेंडी

नांदगव्हाणच्या आठवडे बाजारात कापड दुकानदार दिगंबरशेट आले, की भाजीवाल्या धास्तावत. शेट एकेका भेंडीचा शेंडा मोडून बघत आणि काही न घेताच पुढे जात. ते गावचे नगराध्यक्षही होते, मग त्यांना बोलणार कोण? त्या दिवशी त्यांनी कौतिकबाईची निम्मी टोपली मोडली.

“शेट, आता ही कोण घेईल?” ती कळवळली.

“मोडल्याशिवाय कोवळी की जून, कसं कळणार?”

कौतिकबाई ताडकन उठली, समोरच्या त्यांच्याच दुकानात शिरली आणि कात्री उचलून तिनं भरजरी शालूचा पदर धरला. सारा बाजार दारात गोळा झाला.

“अगं, काय करतेस?” शेट धावत आले.

“कापल्याशिवाय रेशीम खरं की खोटं, कसं कळणार?”

शेटनी घाईघाईनं हात जोडले. “ठेव ती कात्री, बाई! तुझी सगळी भेंडी मीच घेतो!”